शालेय इतिहासातील मध्ययुगीन युरोप आणि ख्रिस्ती धर्मसंस्था : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात जगाच्या इतिहासाला मर्यादित जागा मिळते आणि त्या जागेतही युरोपचे मध्ययुग जवळजवळ आढळत नाही. २०१८ साली प्रकाशित झालेल्या इयत्ता आठवीच्या पाठ्यपुस्तकातील ‘युरोप आणि भारत’ हे प्रकरण प्रबोधन, धर्मसुधारणा चळवळ व भौगोलिक शोध यांपासून युरोपची ओळख करून देते. त्याच वर्षीच्या दहावीच्या पुस्तकात पाश्चात्त्य इतिहासलेखनाची परंपरा हिरोडोटसनंतर देकार्तकडे वळते. २०२० साली आलेल्या बारावीच्या पुस्तकाचा आरंभही युरोपातील प्रबोधन व विज्ञानाच्या विकासानेच होतो. परिणामी पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंतचा सुमारे एक हजार वर्षांचा कालखंड विद्यार्थ्यासमोर येतो तो केवळ ‘यापूर्वी काळोख होता’ अशा पार्श्वभूमीच्या रूपात. या काळोखाचे कारण म्हणून ख्रिस्ती धर्मसंस्थेकडे, म्हणजेच चर्चकडे, बोट दाखविले जाते आणि विषय पुढे सरकतो.

मध्ययुगीन चर्च ही संस्था काय होती हे न शिकविता तिच्याविरुद्धचे बंड तेवढे शिकविले, तर धर्मसुधारणा, धर्मनिरपेक्षता आणि महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेचे आधुनिक विवेचन हे तिन्ही विषय विद्यार्थ्याच्या दृष्टीने निराधार राहतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ही उणीव भरून काढण्याची साधने जळगाव व धुळे परिसरात उपलब्ध आहेत, हेही येथे दाखवावयाचे आहे.

‘तमोयुग’ या संज्ञेची मर्यादा

मराठीत युरोपच्या मध्ययुगाला ‘तमोयुग’ किंवा ‘अंधारयुग’ म्हणण्याची प्रथा रूढ झाली आहे. प्राचीन रोमच्या वैभवानंतरचा काळ अंधाराचा, ही कल्पना प्रथम चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क याने मांडली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी तिला पोपविरोधी धार दिली आणि अठराव्या शतकातील बुद्धिवाद्यांनी तिला सार्वत्रिक रूप दिले. एकोणिसाव्या शतकात मराठी भाषकांना युरोपचा इतिहास मुख्यतः इंग्रजी ग्रंथांतून कळला, आणि प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या त्या ग्रंथांतील पूर्वग्रहही त्याबरोबर आला. मूळ वादातील एका पक्षाची ही भूमिका आज शालेय पुस्तकात निर्विवाद तथ्य म्हणून वावरते.

या संज्ञेच्या समर्थनार्थ वर्गात दिली जाणारी उदाहरणे तपासण्यासारखी आहेत. जिओर्दानो ब्रूनोला जाळण्यात आले १६०० मध्ये आणि गॅलिलिओवर खटला चालला १६३३ मध्ये. गोव्यातील धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, स्थापना १५६० ची आहे. या तिन्ही घटना मध्ययुग संपल्यानंतरच्या, ल्यूथरोत्तर संघर्षाच्या काळातील आहेत. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला, आणि कोपर्निकस स्वतः पोलंडमधील फ्राउएनबुर्ग येथील कॅथेड्रलचा धर्माधिकारी होता. कोलंबसापूर्वी युरोपीय विद्वान पृथ्वी सपाट मानीत, हा समजही असाच निराधार आहे. तेराव्या शतकात साक्रोबोस्को याने लिहिलेला पृथ्वीच्या गोलत्वाचे विवेचन करणारा ग्रंथ युरोपीय विद्यापीठांत शतकानुशतके क्रमिक पुस्तक म्हणून वापरात होता.

१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ग्रीक पंडित इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झाले, ही सांगड परीक्षेच्या दृष्टीने सोयीची असली तरी कालक्रमाच्या कसोटीवर अपुरी ठरते. पेत्रार्कचा मृत्यू १३७४ साली झाला होता. फ्लॉरेन्समध्ये क्रिसोलोरास याने ग्रीक भाषेचे अध्यापन १३९७ मध्येच सुरू केले होते. त्याही आधी, बाराव्या शतकात, स्पेनमधील टोलेडो येथे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होत होती. १२०२ साली पिसाच्या लिओनार्दो फिबोनाची याने भारतीय अंकपद्धतीची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला. मध्ययुग वगळल्यामुळे भारतीय अंक युरोपात कसे पोहोचले, हा भारतीय विद्यार्थ्याला जवळचा वाटावा असा धागाही तुटतो.

संस्था म्हणून चर्च

मध्ययुगीन चर्चविषयी विद्यार्थ्याला सर्वप्रथम समजावयास हवे ते तिचे संस्थात्मक स्वरूप. अनेक राज्यांत पसरलेली, एका प्रमुखाच्या अधिकाराखालील, स्वतःचा कायदा, स्वतःची न्यायालये, स्वतःच्या जमिनी आणि उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा दशांश कर असलेली ही व्यवस्था होती. जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद आणि विधी तिच्याच हाती होते. ५२९ च्या सुमारास बेनेडिक्टने मोंते कासिनो येथे स्थापिलेला मठ आणि ९१० साली बर्गंडीत स्थापन झालेला क्लूनीचा मठ ही शेती, ग्रंथलेखन व शिक्षण यांचीही केंद्रे होती. १०७७ मध्ये सम्राट चौथा हेन्री कनोसा येथे पोप सातव्या ग्रेगरीपुढे क्षमायाचना करीत उभा राहिला, या प्रसंगाचा अर्थ ही व्यवस्था ठाऊक असल्यावरच लागतो. बिशपची नेमणूक राजाने करावयाची की पोपने, हा त्या संघर्षाचा गाभा होता.

हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला ल्यूथरची १५१७ मधील कृती कळणे अवघड आहे. पापक्षमापत्रांची विक्री म्हणजे उघड फसवणूक होती, असे एका वाक्यात सांगितले जाते. पापनिवेदन, प्रायश्चित्त आणि मृत्यूनंतरचे शुद्धिस्थान या कल्पनांचा संदर्भ नसेल, तर लाखो श्रद्धाळू माणसांनी ती पत्रे का घेतली, याचे उत्तर ‘लोक अडाणी होते’ एवढेच उरते. असे उत्तर देण्याची सवय लागलेला विद्यार्थी स्वतःच्या समाजाच्या भूतकाळाकडेही त्याच नजरेने पाहू लागतो.

नागरिकशास्त्रातील धर्मनिरपेक्षतेचीही अशीच स्थिती होते. शासन व धर्मसंस्था यांची फारकत ही कल्पना युरोपात उदयास आली, कारण तेथे शासनाशी बरोबरी करू पाहणारी संघटित धर्मसंस्था अस्तित्वात होती. भारतीय धर्मनिरपेक्षतेचा प्रश्न वेगळा का आहे, याचे उत्तर या भेदात दडलेले आहे.

रानडे यांची तुलना आणि तिचा आधार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीची तुलना सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेशी केली. पुढील मराठी इतिहासविचारावर या तुलनेचा खोल ठसा उमटला आणि महाविद्यालयीन अध्यापनात ती आजही वारंवार येते. पुरोहितवर्गाच्या वर्चस्वाला विरोध, लोकभाषेचा आग्रह आणि भक्तीचे सुलभ स्वरूप ही साम्ये रानडे यांनी नेमकी टिपली होती.

तथापि साम्याबरोबर भेदही सांगावा लागतो. वारकरी संतांसमोर पोप नव्हता, दशांश कर नव्हता, सर्व राज्यांना बंधनकारक असा धार्मिक कायदा राबविणारी केंद्रीय यंत्रणा नव्हती. त्यांचा विरोध जातिव्यवस्थेत विखुरलेल्या सत्तेशी होता. ल्यूथरला राजसत्तेचा आश्रय मिळाल्यावर स्वतंत्र चर्च उभे राहिले. वारकरी पंथाने मात्र अशी समांतर धर्मसंस्था उभारली नाही. ही तुलना पडताळून पाहावयाची तर मध्ययुगीन चर्चचे ज्ञान अपरिहार्य ठरते. ते नसल्यास रानडे यांचे विवेचन केवळ पाठ करण्याचे वाक्य बनते.

पाटण आणि पॅरिस

खानदेशातील शिक्षकाला या विषयासाठी एक असाधारण साधन उपलब्ध आहे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू आणि यादवनृपती सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यात नमूद आहे. निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतींनी मठाला दाने दिली. लेखाच्या अखेरच्या मराठी भागात बाजारातील मालावरील राजाच्या हक्काचा भाग व घाण्याचे तेल अशा उत्पन्नांचा उल्लेख येतो.

याच दशकांत पॅरिस येथे विद्यापीठ आकाराला येत होते. १२१५ साली पोपचा प्रतिनिधी रॉबर्ट द कूर्सों याने त्या विद्यापीठाचे नियम घालून दिले. त्याच नियमांनी ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावरील १२१० ची बंदी कायम ठेवली, आणि १२५५ पर्यंत तेच ग्रंथ तेथील अभ्यासक्रमात अधिकृतपणे समाविष्ट झाले. ज्ञानाला आश्रय देणारी आणि ज्ञानावर नियंत्रण ठेवू पाहणारी संस्था एकच होती, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

पाटणचा मठ व पॅरिसचे विद्यापीठ शेजारी ठेवले असता विद्यार्थ्याला दोन्हीकडे धर्माश्रयाने चालणारे विद्याकेंद्र दिसते, आणि लगेच भेदही जाणवतो. पाटणच्या मठाचे उत्पन्न स्थानिक अधिपतींच्या दानातून आले होते. दशांश हा चर्च स्वतःच्या अधिकारात वसूल करीत असे. पॅरिसच्या विद्यापीठाला राज्याबाहेरील धर्मसत्तेचे संरक्षण मिळाले आणि ते टिकले. पाटणच्या मठाला तसा आधार नव्हता. विद्या टिकण्यासाठी विद्वत्तेइतकीच संस्थात्मक रचनाही लागते, हा विचार आठवीच्या विद्यार्थ्यालाही पेलण्यासारखा आहे.

धुळे येथील समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखित संग्रहाचा उपयोगही असाच करता येईल. रामदासी मठांतून पोथ्यांच्या नकला कशा होत व जतन कशा होत, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या विद्यार्थ्याला बेनेडिक्टच्या अनुयायांचे ग्रंथलेखन परके वाटणार नाही. राजवाडे संशोधन मंडळाच्या रूपाने साधनांचे महत्त्व सांगणारी परंपराही याच शहरात आहे.

दोन चर्च, एक शब्द

खानदेशातील वर्गात आणखी एक प्रश्न उद्भवतो. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा, विशेषतः नवापूर परिसर, येथे ख्रिस्ती आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. या भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभी काम सुरू करणारे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन हे प्रॉटेस्टंट परंपरेतील होते. म्हणजेच पाठ्यपुस्तक ज्या चर्चविरुद्धच्या बंडाचे वर्णन करते, त्या बंडाच्या वारशातून येथील चर्च उभे राहिले. पाठ्यपुस्तकातील ‘चर्च’ आणि गावातील ‘चर्च’ हे एकच आहे, असा समज झाल्यास ख्रिस्ती विद्यार्थ्याला विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते आणि इतरांचा गैरसमज बळावतो.

यावर मराठी भाषेतच उपाय आहे. मराठी बायबलमध्ये श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हटले जाते. गोवा-कोकणातील ‘इगर्जी’ व सर्वत्र रूढ असलेला ‘पाद्री’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. वास्तू, समुदाय व सत्ताकेंद्र हे तीन अर्थ वेगळे केले, तर निम्मा गोंधळ दूर होतो. इंग्लंडमधून कॅथलिक पंथाच्या ओढीने बाहेर पडून १५७९ साली गोव्यात आलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. युरोपातील धर्मकलहाचा एक धागा अशा रीतीने मराठी ओवीपर्यंत येऊन पोहोचला.

संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला वेळेचा. भारतीय इतिहासालाच तासिका अपुऱ्या पडत असता युरोपचे मध्ययुग कोठे बसवावे? स्वतंत्र प्रकरणाची येथे अपेक्षा नाही. प्रबोधनाच्या आधी दोन तासिका चर्चची जमीन, कर, कायदा व शिक्षण या चार मुद्द्यांना दिल्या, तरी पुढील भाग कमी श्रमात समजतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ मधील अकरावीच्या पुस्तकाने धर्मगुरू, सरदार व शेतकरी या तीन वर्गांच्या आधारे मध्ययुगीन युरोपची जी मांडणी केली, ती यासाठी मार्गदर्शक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा अध्यापनाने चर्चच्या अत्याचारांवर पांघरूण घातले जाईल का? १०९९ मधील जेरुसलेमची कत्तल आणि ज्यूंनी वेगळा पोशाख करावा असा १२१५ च्या लॅटरन धर्मसभेचा ठराव हे मध्ययुगीन चर्चच्या इतिहासाचेच भाग आहेत व ते शिकविलेच पाहिजेत. ‘तमोयुग’ या एका शब्दात मात्र हे प्रसंगही बुडून जातात. अंधारात कोणाचाच चेहरा दिसत नाही, आणि म्हणून कोणाची जबाबदारीही निश्चित होत नाही.

समारोप

मध्ययुगीन चर्चचे अध्यापन हा ख्रिस्ती धर्माच्या गौरवाचा वा निंदेचा प्रश्न नाही. संघटित धर्मसत्ता कशी उभी राहते, ज्ञानाला कसा आश्रय देते, त्याला केव्हा अडविते आणि तिच्याविरुद्ध बंड कसे घडते, हे समजण्याचे ते साधन आहे. नवे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत असताना पाठ्यपुस्तक मंडळांनी या त्रुटीचा विचार करावा. तोपर्यंत महाविद्यालयीन इतिहास विभागांनी शालेय शिक्षकांसाठी पाटणचा शिलालेख व धुळ्याची हस्तलिखिते यांवर आधारित अध्यापन साहित्य तयार करणे शक्य आहे. त्यासाठी लागणारी साधने एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत.