गोळी आणि काडतूस : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील एका शब्दाचा विचार

मराठी विज्ञानकथेची समीक्षा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते : कथेतील विज्ञान बरोबर आहे काय, आणि कथा रंगली आहे काय. कथेतील वस्तूला कोणते नाव दिले आहे व त्या नावामागे कोणता समाज उभा आहे, हा तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. कारण या कथेचा सारा भार बंदुकीच्या एका गोळीवर आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर निराळ्याच जगात जातात. त्या जगात 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती अगदी जवळून निघून गेली आहे, आणि मराठे विजयी झाले आहेत. परतल्यावर राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ त्यांना या अनुभवाची उपपत्ती सांगतो. बंदुकीतून सुटलेली गोळी केव्हा कोठे असेल हे सांगता येते, इलेक्ट्रॉनविषयी तसे सांगता येत नाही, असा भेद तो करतो. येथेच वाचकाने थांबले पाहिजे. उपपत्तीतील गोळी निश्चित मार्गाने जाणारी आहे; कथानकातील गोळी मात्र लागेल किंवा चुकेल अशी आहे. शब्द एकच असला, तरी वस्तू दोन आहेत.

‘गोळी’ हा शब्द मूळचा आकारवाचक आहे. पिठाची गोळी, औषधाची गोळी, तशीच शिशाची गोळी. पानिपतच्या काळातील बंदुकांना हा शब्द पुरेसा होता. कारण गोळी वेगळी, दारू वेगळी, आणि बव्हंशी नळी तसा साचा असे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलेला असून त्याच्या मुळाशी कागदाच्या पुडीची कल्पना आहे. आजच्या काडतुसात पितळी पुंगळी, पेट देणारी टोपी, मोजून भरलेली दारू आणि गोळी अशी चार अंगे असतात. म्हणजे ‘गोळी’ हे एका वस्तूचे नाव आहे, तर ‘काडतूस’ हे एका योजनेचे.

सैन्याचे प्रमाणित काडतूस हा या योजनेचा शेवटचा टप्पा होय. 5.56 मि.मी. व्यासाच्या रायफलीचे, 45 मि.मी. लांब पुंगळीचे काडतूस सुमारे 12 ग्रॅम भरते. त्यात प्रत्यक्ष गोळी सुमारे 4 ग्रॅमचीच असते. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे 1964 मध्ये सुरू झालेल्या आयुध निर्माणीत अशी काडतुसे लक्षावधींनी तयार झाली. त्यांतील कोणतेही एक दुसऱ्याच्या जागी चालावे, हेच तेथील कौशल्य. उपपत्तीतील गोळी ही वस्तुतः अशा काडतुसातील गोळी आहे. वजन, दारू व नळी ठाऊक असतील तरच तिचा मार्ग सांगता येतो. पानिपतावरील गोळीविषयी यांपैकी काहीच नक्की नव्हते. अर्थात हे अज्ञान झाले. इलेक्ट्रॉनची अनिश्चितता नव्हे. कथेने या दोहोंमधील अंतर ‘गोळी’ या एका शब्दाने झाकले आहे, हा तिचा दोष म्हणावा लागेल.

प्रमाणित काडतूस कथेत आले की काय घडते, हे ‘एलियन्स’ (1986) या चित्रपटात दिसते. तेथील सैनिकांच्या बंदुकीत 10 मि.मी.चे पुंगळीविरहित काडतूस कल्पिलेले आहे, आणि बंदुकीवर उरलेल्या काडतुसांचा आकडा उमटतो. एका गोळीला तेथे महत्त्व नाही; भय वाटते ते घटत्या आकड्याचे. सारखी वस्तूच मोजता येते. नारळीकरांना मात्र न मोजता येणारी, एकुलती एक गोळीच हवी होती. म्हणून त्यांनी पानिपत निवडले, ही निवड योग्यच होय.

तथापि कथेचे खरे मर्म गोळीत नाही. विजयानंतर पेशव्यांनी विज्ञान व तंत्र यांची स्वतःची केंद्रे स्थापिली आणि परक्यांचे साहाय्य केवळ स्वयंपूर्ण होण्यापुरते घेतले, असे कथेत ओझरते येते. चुकलेली गोळी एक दिवस जिंकून देते; पुढचे राज्य काडतुसावर टिकते. प्रत्यक्ष इतिहासात महादजी शिंदे यांनी आग्र्यास तोफा-बंदुकांचा कारखाना उभारला. परंतु तो सँगस्टर या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली चालला, आणि 1803 मध्ये आग्रा इंग्रजांच्या हाती गेले. कारखाना होता, स्वयंपूर्णता नव्हती. कथेतील ते ओझरते विधान या उणिवेवर नेमके बोट ठेवते, आणि म्हणूनच ते ओझरते राहावयास नको होते.

ज्या नागपुरात 1966 पासून अंबाझरीची आयुध निर्माणी उभी आहे, तेथील वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. पुढील विज्ञानकथाकाराने आपल्या सैनिकाच्या हाती कोणतेही शस्त्र द्यावे. परंतु त्याचे काडतूस कोण, कोठे व कोणाच्या मापाने घडवितो, याचे उत्तर त्याच्यापाशी असावे. ते उत्तर म्हणजेच त्याने कल्पिलेला समाज होय.