बेटावरचे बिऱ्हाड

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे नाव निघाले की आपल्या वाचकाला ‘ट्रेझर आयलंड’ आठवते. चाचे, नकाशा आणि पुरलेला खजिना यांची ती कथा बहुतेकांनी शालेय वयात, संक्षिप्त रूपात का होईना, वाचलेली असते. १८८१ साली स्टीव्हन्सनने ती स्कॉटलंडमध्ये लिहावयास घेतली, तेव्हा उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर त्याने पाऊलही ठेवले नव्हते. त्या कथेतील बेटावर कोणाचे घर नाही. जावे, खजिना उचलावा आणि परतावे, एवढाच माणसांचा बेटाशी संबंध. पुढे हाच लेखक बेटावर बिऱ्हाड करून राहिला, तेव्हा त्याच्या लेखणीचे काय झाले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

छातीच्या जुनाट विकाराने पोखरलेला स्टीव्हन्सन जून १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघाला आणि डिसेंबर १८८९ मध्ये सामोआ बेटांतील आपिया बंदराला लागला. तेथे वायलिमा येथे त्याने तीनशे एकरांहून अधिक जमीन घेतली, रान तोडले, घर बांधले. अर्थात, तो पोटासाठी देशोधडीला लागलेला मजूर नव्हता. त्याची पुस्तके लंडन-न्यूयॉर्कला खपत होती आणि त्यावर हा संसार चालत होता, हे विसरता कामा नये.

याच घरात त्याने ‘द बीच ऑफ फालेसा’ ही दीर्घकथा लिहिली. विल्टशायर नावाचा गोरा व्यापारी खोबऱ्याच्या धंद्यासाठी एका बेटावर येतो. पहिल्याच दिवशी त्याचे उमा नावाच्या मुलीशी लग्न लावले जाते. विधी वाचणाऱ्याच्या हातात पवित्र ग्रंथ नसून एक फुटकळ कादंबरी असते. वधूला न वाचता येणाऱ्या दाखल्यात लिहिलेले असते, की हा विवाह एका रात्रीपुरता असून दुसऱ्या दिवशी तिला हाकलून देण्यास नवरा मोकळा आहे. लंडनच्या साप्ताहिकाने १८९२ साली कथा छापताना हा दाखलाच गाळला. पुढील वर्षी पुस्तकात तो आला, पण ‘एका रात्री’चा ‘एक आठवडा’ करून. लेखकाचा मूळ पाठ वाचकांच्या हाती पडला तो १९८४ साली. कथेतील खुनापेक्षा हा कागदाचा तुकडा संपादकांना अधिक झोंबला, यातच कथेचे बळ दिसते.

विल्टशायरला त्या कागदाची लाज वाटते आणि तो मिशनरीकडून खरे लग्न लावून घेतो. एखादा बोधवादी लेखक येथेच थांबला असता. स्टीव्हन्सन थांबत नाही. मिशनरी विल्टशायरकडून बेटवासीयांशी सचोटीने व्यवहार करण्याचे वचन घेतो. पण शेवटी दुसऱ्या ठाण्यावर बदली होताच, आता वचनातून सुटलो, तराजू पुन्हा हलका-भारी करता येईल, म्हणून हा गडी खूश होतो. आपल्या मिश्र रक्ताच्या मुलींना गोरे नवरे कोठून मिळणार, ही चिंता मात्र त्याला सोडत नाही. प्रेमाने तो बेटाशी बांधला गेला, पण त्याचा अहंकार गेला नाही. हा अपुरा पालट आम्हांस खरा वाटतो. दोष दाखवायचा तर उमेचा आहे: तिचे मन आपणांस नवऱ्याच्याच शब्दांतून, मोडक्यातोडक्या इंग्रजीतून दिसते. स्वतःच्या भाषेत ती कशी बोलली असती, हे कथा सांगत नाही.

आपल्या वाचकांस अधिक जवळचे वाटेल ते त्याचे १८९० सालचे खुले पत्र. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये सोळा वर्षे राहून त्याच रोगाने १५ एप्रिल १८८९ रोजी मरण पावलेले फादर दामियन यांच्यावर होनोलुलूचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक डॉ. हाइड यांनी अस्वच्छता, हट्टीपणा आणि अनीती यांचे आरोप केले होते. फादरांच्या मृत्यूनंतर थोड्याच आठवड्यांत स्टीव्हन्सन त्या वसाहतीत जाऊन राहिला होता. तो कॅथलिक नव्हता. प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढलेला होता. त्याची युक्तिवादाची रीत पाहण्याजोगी आहे. फादर ओबडधोबड होते, हेकट होते, हे तो आपल्या टिपणांच्या आधारे आधी मान्य करतो आणि मग विचारतो, की तुम्ही सुखवस्तू घरात बसला असता तेथे गेले कोण? भक्ताने केलेल्या स्तुतीपेक्षा ही साक्ष अधिक वजनदार ठरते. मात्र पत्रातील संताप कोठे कोठे मर्यादा ओलांडतो. दामियन यांचा पक्ष घेणे योग्य होते, पण हाइड यांच्यावरील प्रहार फार कठोर झाला, असे पुढे स्टीव्हन्सननेच कबूल केले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी फादर दामियन यांना संतपद बहाल केले. तरीही ते पत्र जुने झालेले नाही.

सामोआत जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या चढाओढीत बेटवासी भरडले जात होते. त्यावर त्याने १८९२ साली पुस्तक लिहिले आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. कॅथलिक सरदार माताफा यांचा १८९३ साली पराभव झाला. त्यांच्या तुरुंगात पडलेल्या अनुयायांना स्टीव्हन्सनने अन्न पोचविले. सुटल्यावर, १८९४ साली, त्या सरदारांनी त्याच्या घरापर्यंत स्वतः रस्ता बांधून दिला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. सामोअन माणसांनी वाएआ डोंगरावर वाट तोडली आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिखरावर पुरले.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून मुलेमुली परदेशी गेली आहेत. तिकडून काय आले, याचा हिशेब आपण ठेवतोच. तिकडच्या माणसांशी आपले तराजू कसे वागले, हा हिशेब कोणी मागत नाही. ‘फालेसा’ वाचताना तोच मागितला जातो, म्हणून ती कथा आम्ही वाचकांच्या हाती ठेवू इच्छितो.