वीम्सबाईंचं टेबल

मुरुडमध्ये आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा इतिहास दगडात आणि लोखंडात आहे. पाण्यातला जंजिरा किल्ला, त्याच्या तटावरची कलालबांगडी तोफ, खोकरीच्या घुमटाखाली पुरलेला सिद्दी सुरुलखान. सगळा पुरुषांचा, मोहिमांचा पसारा. सिद्दींच्या घरांतल्या बायका दिवेलागणीनंतर काय बोलत, कुणावर रुसत, याचा त्यात मागमूस नाही. मुंबईच्या केतकी शेठ यांनी भारतातल्या सिद्दींची कृष्णधवल छायाचित्रं टिपली. 'अ सर्टन ग्रेस' हे त्यांचं पुस्तक २०१३ साली आलं. ते चाळताना मला आठवत राहिली ती अमेरिकेतली एक जुनी छायाचित्रमालिका. कॅरी मे वीम्स यांची, १९९० सालची 'किचन टेबल सीरिज'. काळ्या स्त्रीचं घरातलं आयुष्य इतकं जवळून दाखवणारी छायाचित्रं मी तरी दुसरी पाहिलेली नाहीत.

२० छायाचित्रं, १४ मजकुराचे फलक. नायिका म्हणून वीम्स स्वतःच उभ्या राहिल्या, पण हे आत्मचरित्र नव्हे. फलकांवरची गोष्टही 'ती'चीच आहे. जागा एकच: स्वयंपाकघरातलं लांबट टेबल आणि वर टांगलेला दिवा. कॅमेरा टेबलाच्या अलीकडच्या टोकाशी असतो, आणि ते टोक रिकामं असतं. म्हणजे तिथे बसायचं आपण! पाहुण्याला पाट मांडावा तशी ही जागा बाईंनी न बोलता मांडून ठेवली आहे.

दिव्याकडे नीट पाहा. प्रकाश वरून टेबलावर पडतो, कडेची खोली अंधारात विरते. कातडीचा काळा, केसांचा काळा, सावलीचा काळा, प्रत्येकाचा पोत वेगळा राखलाय. छपाईत हे साधणं किती कठीण, ते अंधाऱ्या खोलीत हात काळे केलेल्यांनाच कळेल.

एका चित्रात ती आणि तिचा पुरुष पत्ते खेळताहेत. त्याच्या ओठाशी सिगारेट. टेबलावर दारू, शेंगदाणे. मागे भिंतीवर कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स, तसबिरीत. डाव घरगुती, साक्षीदार मात्र इतिहासातला! वीम्स त्याला पुढे आणत नाहीत, भिंतीवरच राहू देतात. हा संयम मला फार आवडतो.

पण माझं सर्वांत लाडकं चित्र मायलेकींचं. दोघींसमोर आपापला छोटा आरसा, दोघींच्या हातात लिपस्टिक, ओठांपाशी गेलेला हात अगदी सारखा. दोघी एकमेकींकडे पाहत नाहीत. तरी मुलगी आईकडूनच शिकते आहे, हे त्या हाताच्या वळणावरून कळतं. सौंदर्याचा वारसा म्हणावा, की ओझं? वीम्स निकाल देत नाहीत. एवढ्याशा हालचालीत दोन पिढ्या बसवणारी नजर दुर्मीळ.

आणि मग एका चित्रात नायिका एकटी उभी. दोन्ही तळहात टेबलावर टेकलेले, दंड ताठ, नजर थेट आपल्यावर. इतका वेळ आपण तिच्या घरात डोकावत होतो; आता ती आपल्याला जोखते आहे. दिवा तोच, टेबल तेच, फक्त खांद्यांची ठेवण बदलली, आणि खोलीची मालकीण कोण हे ठरून गेलं.

यातली एकदोन चित्रं सगळीकडे सुटी फिरतात. तशी पाहू नका. फलक वाचत, ओळीने, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत पाहा.