इशापूरचा स्क्रू

थ्री नॉट थ्री समोर आली की जाणकाराची नजर आधी बोल्टच्या मुठीखाली जाते. दस्ता जिथे रायफलीच्या सांगाड्याला मिळतो, तिथल्या पोलादी पट्ट्यावर तिची जन्मपत्रिका ठोकलेली असते: मुकुट, खाली जी.आर.आय. म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, मग इशापूर, साल, नमुना. प्रजासत्ताक आल्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. रायफल मात्र तीच राहिली, ब्रिटिश सैन्यानं १९०७ साली स्वीकारलेली शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड, मार्क तीन. बंगालमध्ये हुगळीकाठच्या कारखान्यानं ती आपलीशी केली.

नागपुरात या रायफलीचा नाद लागणं अगदी स्वाभाविक आहे. कामठीची छावणी १८२१ पासूनची. महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४१ मध्ये तिथेच उभी राहिली. एनसीसीत कवायत केलेल्या कितीतरी नागपूरकरांच्या खांद्याला तिचं चार किलोंचं वजन ठाऊक आहे. संग्रह करायचा म्हटलं तर मात्र कायदा आडवा येतो. .३०३ हा बोअर सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच हत्यारं बाळगता येतात. कॅनडा-ऑस्ट्रेलियातले शौकीन एकाच वर्षाची नाकटोपी, एकाच क्रमांकाचा बोल्ट, जुनं पितळी तेलपात्र हुडकत आयुष्य घालवतात. आपल्याकडे संग्रह नजरेनंच करायचा.

नजर तयार असेल तर मिळकत कमी नाही. बोल्टच्या मुठीमागचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का, ते पाहावं. जुळला, तर ही जोडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हापासून एकत्र आहे, असं मानायला जागा असते. दस्त्याची पितळी टाच उघडली की आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायची पोकळी दिसते. आणि पुढच्या लाकडात आडवा, आरपार गेलेला एक साधा स्क्रू. इंग्लंडमधल्या अक्रोडासारखी भिस्त इथल्या लाकडावर ठेवता येईना, गोळीच्या धक्क्यानं ते चिरायचं. इशापूरच्या कारागिरांनी स्क्रू घालून ते आवळलं. विलायती आराखड्यात हा स्क्रू नव्हता. मला तो संपूर्ण रायफलीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो, कारण एवढ्या एका जागी हिंदुस्थानी कारागिराची अक्कल उघड दिसते.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. जेम्स पॅरिस ली यांनी त्याचे कुलूपदाते मागच्या अंगाला ठेवले, म्हणून त्याची ये-जा आखूड. मूठ चापाच्या अगदी शेजारी. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात स्प्रिंग हाताला अडते, कारण घोडा बोल्ट बंद होताना ताणला जातो. उघडताना मात्र तो अलगद उघडतो. ब्रिटिश शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचे, ते या रचनेच्या बळावर. दहा काडतुसं पाच-पाचच्या दोन चार्जरनं भरायची, आणि एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकू द्यायची नाही. त्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ दिसलं, तर ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली.

या घराण्याच्या इतिहासात अविश्वासही कोरलेला आहे. १८५७ नंतर देशी शिपायांना खोबणी नसलेल्या, कमी पल्ल्याच्या बंदुका दिल्या गेल्या. पुढे पोलीस-पहाऱ्यासाठी ली-एनफील्डचंच .४१० मस्केट झालं. एकेरी बार आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे सैन्याचं काडतूस त्यात चालूच नये. आणि नागरिकांसाठी .३१५, ऑस्ट्रियाच्या मानलिखेर काडतुसाच्या कुळातली. तीही इशापूरचीच, याच सांगाड्यावरची, फक्त सरकारी दारूगोळ्याला परकी. राज्यकर्ता कोणाला किती घाबरतो, हे नळीचा व्यास मोजून सांगता येतं.

२६/११ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होती. तेव्हापासून तिची हेटाळणी होते, ती मला मान्य नाही. शतकभर जुन्या रचनेकडून एके-४७ ला तोंड देण्याची अपेक्षा करणं ही दोष रायफलीच्या गळ्यात घालण्याची सोय आहे. इशापूरनं साठच्या दशकात काय केलं, ते पाहा. तीच अंगलट, पण जास्त मजबूत पोलाद, नाटोचं ७.६२ काडतूस, बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन, नाव २ए. सुरुवातीला तिच्या निशाण्याच्या पट्टीवर पल्ला दोन हजारांपर्यंत होता. २ए१ मध्ये तो आठशेवर आणला. साध्या शिपायाला नुसत्या डोळ्यांनी आठशेच्या पलीकडे माणूस ओळखता येत नाही, हे इशापूरनं एका पत्र्याच्या पट्टीवर कबूल केलं, आणि मला २ए१ तेवढ्यासाठी २ए पेक्षा जास्त आवडते.