एकरात न मावणारे पाणी

पाऊस, माती आणि उतार सांगितला की पीक आपोआप ठरते, अशा समजुतीने आपण शाळेत शेतीचा भूगोल शिकवतो. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके या समजुतीला अडचणीत आणतात. पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, तोही लहरी. पुस्तकाप्रमाणे इथे बाजरी आणि रब्बी ज्वारी हवी. ती आहेच, पण तिच्या शेजारी मैलोगणती ऊस उभा आहे.

हा ऊस इथे कसा आला याचा शोध घेणारे एक महत्त्वाचे पुस्तक म्हणजे डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचे 'रेझिंग केन' (१९९२). लेखक कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ. त्यांनी नीरा डाव्या कालव्याच्या परिसरात प्रत्यक्ष राहून काम केले. भूगोल शिकवणाऱ्याने ते जरूर वाचावे असे आम्हांला वाटते, आणि वाचताना त्याच्याशी भांडावे असेही वाटते.

आधी पुस्तकाचे श्रेय. कालवा आला आणि दुसऱ्या दिवशी ऊस लागला, असे झाले नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला हा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, पण पुढची कित्येक वर्षे त्याच्या पाण्याला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. पाऊस बरा झाला तर काळ्या जमिनीतली ज्वारी पाण्याशिवाय येई; मग पाणीपट्टी कोण भरणार? ऊस करायला भांडवल, खत आणि गूळ करण्याचे कसब लागते. ते घेऊन सासवडचे माळी इथे आले आणि त्यांनी खंडाने जमिनी केल्या. स्थानिक शेतकरी त्यांचे पाहून शिकले. पीक पाण्याबरोबर वाहत येत नाही, माणसांबरोबर चालत येते, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळते.

दुसरी गोष्ट अधिक धाडसाची. नगदी पीक आले की छोटा शेतकरी देशोधडीला लागतो, हे गृहीतक अ‍ॅटवुड तपासून पाहतात. याच कामातून निघालेल्या १९७९ च्या लेखात त्यांनी एका गावातील १९२० ते १९७० या काळातली जमीनधारणा पाहिली. काही भूमिहीनांनी जमीन मिळवली होती, तर काही मोठ्या घरांची घटली होती. हा निष्कर्ष अनेकांना पटला नाही, पण त्यामागे मोजणी आहे.

आमचे भांडण आहे ते या मोजणीच्या मापाशी. कालव्याचा इतिहास पुस्तकात सविस्तर आहे. पण कुटुंब वर गेले की खाली आले हे ठरवायची वेळ आली की माप पुन्हा एकराचे होते. या एकराचीही एक गोष्ट आहे, आणि ती इंदापूरची आहे. प्रिंगल यांची आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी केली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीचा पाया तिथे घातला गेला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झालेले तिचे कोष्टक मोठे देखणे आहे: निर्दोष माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, तिथून उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती, चुनखडी, वाळू किंवा उतार निघाला की प्रत खाली. पण हे कोष्टक मातीचे होते. कालवा यायला अजून जवळजवळ ५० वर्षे होती.

आता पाण्याचा हिशेब करू. उसाला आपल्याकडे २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे ५०० वजा केले, तेही सगळे मुळांना मिळाले असे धरून, तरी किमान १,५०० उरतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यावर दीड मीटर पाणी म्हणजे ६,००० घनमीटर, अर्थात साठ लाख लिटर. रब्बी ज्वारीला ७५ मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर एकरी ६०० घनमीटर पुरतात. म्हणजे एक एकर उसात दहा एकर ज्वारीचे पाणी. ठिबकने उसाचा आकडा उतरतो, पण ज्वारीइतका नाही. मग माळेगावचा चार एकरवाला आणि सुप्याकडचा चार एकरवाला यांना एकाच रकान्यात कसे बसवायचे?

ही फारकत नकाशावर दिसते. नीरा नदी पूर्वेकडे वाहते. तिचा डावा कालवा उत्तरेच्या अंगाने समोच्च रेषा धरून, अगदी थोडा उतार घेत जातो. पाट उताराने वाहतो, म्हणून कालवा आणि नदी यांच्यामधली जमीन बागायत झाली आणि कालव्याच्या वरची जिरायत राहिली. विहिरींनाही पाझर लागला तो कालव्याच्या खालीच. पुस्तक ज्या गावांवर उभे आहे ती ओल्या बाजूची आहेत. त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष खरे असतील. पण तालुक्याचा निम्मा प्रश्न समोच्च रेषेच्या वर राहतो.

हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते असे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरवून दिलेल्या ब्लॉकमध्ये ऊस एक तृतीयांश, बाकीवर हंगामी पिके. पाणी अधिक गावांत पसरावे हा हेतू. शेतीचा भूगोल आखून देण्याचा हा प्रयत्न वर्गात एक पूर्ण तास घेण्याच्या योग्यतेचा आहे.

आम्हां मातीच्या अभ्यासकांना एकर आणखी एका कारणाने खटकतो. एकर स्थिर राहतो, माती राहत नाही. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरचा अहवाल १९१० मध्येच प्रसिद्ध केला. कालव्याला तेव्हा जेमतेम २५ वर्षे झाली होती. भारी काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. कालव्याचा पाझर आणि सढळ पाणी यांनी भूजल वर येते, केशाकर्षणाने पृष्ठभागाशी पोचते, वाफ होऊन जाते आणि क्षार मागे ठेवते. त्यांत सोडियम जास्त असेल तर मातीचे कण विलग होऊन छिद्रे बुजतात; जमीन चोपण होते. सात-बारावर मात्र चोपण एकर आणि कसदार एकर दोन्ही एकरच.

इंदापूरकडे गेले की चित्र पुन्हा बदलते. हा कालव्याचा शेवटचा भाग; आवर्तन इथे उशिरा आणि तुटपुंजे पोचते. तरी टेलला पाणी नसतेच असेही नाही: वालचंदनगरचे खासगी उसाचे मळे १९३० च्या दशकात उभे राहिले ते याच तालुक्यात. कमाल जमीनधारणा कायदा १९६१ मध्ये आला आणि अशा मळ्यांसाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. पुढे १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले. पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली आणि त्याच जलाशयाच्या काठावर मोटारी बसवून ऊस उभा राहिला. जमीन कोणाची बुडाली आणि मोटार कोणाची बसली, हे एकाच यादीत लिहून काढले तर 'काही गरीब वर का येतात' या अ‍ॅटवुड यांच्या प्रश्नाला वेगळीच उत्तरे मिळतील. ऊस तोडायला बीडहून येणाऱ्या मजुराचा कोरडवाहू तुकडा तर इथल्या दप्तरात सापडणारच नाही.

वर्गासाठी एक सुचवतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा या भागाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्यावा. कालव्याची रेघ निळ्या खडूने उठवून तिच्या खालचा आणि वरचा भाग वेगळ्या रंगांनी रंगवावा. उजनीचा काठही रंगवावा. मग मुलांना आपापल्या किंवा नातेवाइकांच्या गावाचे एकरांऐवजी पाण्याच्या पाळ्यांचे कोष्टक करायला सांगावे: कोणत्या शेताला, वर्षात किती वेळा, कुठून. माहिती घरूनच मिळते.