हेन्री जॉर्जचं पुस्तक इंदापुरातून वाचताना

मंडळी, अमेरिकेतलं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं राजकारण समजून घ्यायचं तर हेन्री जॉर्जचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ टाळता येत नाही. १८७९ सालचं पुस्तक. रेल्वे आली, कारखाने आले, संपत्ती वाढली. मग गरिबी हटत का नाही, हा त्याचा सवाल. उत्तर असं की, वस्ती वाढते, रेल्वे येते, तशी जमिनीची किंमत चढते. ही वाढ साऱ्या समाजाच्या कष्टातून होते, पण पडते मालकाच्या खिशात. म्हणून सरकारने जमिनीचा खंड कर म्हणून घ्यावा आणि श्रमावरचे कर काढून टाकावेत. याच विचारावर जॉर्ज १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभा राहिला. हरला, पण दुसरा आला. थिओडोर रूझवेल्ट त्याच्या मागे तिसरा.

तत्त्व म्हणून हे मला पटतं. जे कोणी एकट्याने निर्माण केलं नाही, ते एकट्याचं कसं? पण गंमत बघा, याच्याशी जवळचं नातं सांगणारा प्रयोग आपल्या पुणे जिल्ह्याने जॉर्जच्या आधी पन्नास वर्षं सोसला होता. कंपनी सरकारच्या प्रिंगलसाहेबाने रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त घेऊन इथली जमीन मोजली. खर्च वजा जाता उरेल त्यातले ५५ टक्के सरकारचे, असा हिशेब. जॉर्जच्या विचाराचं मूळही रिकार्डोच. कागदावर सगळं चोख होतं. प्रत्यक्षात अंदाज चुकले, मोजणीत लाचलुचपत झाली, धान्याचे भाव पडले. थकबाकी साचली, शेतं ओस पडली. शेवटी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नवी पाहणी सुरू करावी लागली, ती इंदापुरातून. आकार कमी केला, ३० वर्षांसाठी कायम केला. रयतेने विहीर खोदली म्हणून त्या मुदतीत सारा वाढायचा नाही.

जॉर्ज म्हणेल, मीही सुधारणेवर कर नकोच म्हणतो. खरं आहे. पण त्यासाठी निसर्गाचं किती आणि माणसाचं किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या मोकळ्या प्लॉटवर ते निघतं. इंदापूरच्या मुरमाड जिरायतीत, जिथं तीन पिढ्यांनी दगड वेचले आणि ताली घातल्या, तिथं कुठली माती देवाची आणि कुठली आजोबांची? पुस्तकातली माझ्या मते सर्वांत कच्ची जागा ही.

दुसरी कच्ची जागा म्हणजे मोजणारा कोण. जॉर्जच्या मतदाराला आकारणी करणाऱ्याला जाब विचारता येत होता. इंदापूरच्या रयतेला मत नव्हतं. १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, सारा चढला. पुढे १२ मे १८७५ला, बाजाराच्या दिवशी, सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सावकार समोर दिसत होता. सरकारी आकार ठरवणारा दिसत नव्हता. १८७९च्या कायद्यानेही आवर घातला तो मुख्यतः सावकाराला.

मग जॉर्ज बाद करायचा का? नाही हो. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. ज्या शेताला पाणी पोचलं त्याची किंमत चढली. कालव्याच्या वरच्या अंगाचं शेत जिरायतच राहिलं. दोन्ही घरांचे कष्ट सारखेच! पुढे उजनीच्या पाण्यात इंदापूरची कितीतरी जमीन बुडाली, आणि काठावर उरली तिचं मोल वाढलं. इथं जॉर्ज अगदी चपखल बसतो, कारण इथं वाढ कुणाच्या घामाची नाही हे मोजता येतं.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच: जॉर्जचा कर शेताच्या कसावर लावला तर प्रिंगलचीच चूक पुन्हा होईल. सार्वजनिक पैशाने आलेल्या वाढीवर लावला, तर तो न्याय आहे. आज रिंगरोडची, एमआयडीसीची आखणी आधी कुणाला कळते आणि जमीन कोण घेऊन ठेवतं, हे तुम्ही जाणताच. त्या वाढीत बुडालेल्या गावाचा वाटा किती, हा प्रश्न मात्र आपल्या निवडणुकीत कोणी विचारत नाही. न्यूयॉर्कमध्ये १८८६ला एकाने विचारला होता.