अडसर आणि शेवट : अमेरिकन ‘यंग अडल्ट’ प्रेमकादंबरीचे एक वाचन

‘यंग अडल्ट’ या इंग्रजी संज्ञेला मराठीत नेमका पर्याय सापडत नाही. ‘कुमार’ हा शब्द तिच्या अलीकडे थांबतो आणि ‘तरुण’ हा शब्द तिच्या पलीकडे जातो. अमेरिकेत ही संज्ञा प्रथम ग्रंथालयांच्या व्यवहारातून रूढ झाली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ साली या वयोगटासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि बारा ते अठरा वर्षे वयाच्या वाचकाला बालवाचक व प्रौढ वाचक या दोहोंपासून वेगळे मानले. २००० सालापासून या साहित्यासाठी मायकेल एल. प्रिंट्झ पुरस्कार दिला जाऊ लागला. म्हणजे एका वयोगटाच्या सोयीसाठी मांडलेले ग्रंथालयातील दालन पुढे वाङ्मयप्रकार म्हणून प्रतिष्ठित झाले. या दालनातील प्रेमकादंबरी सर्वाधिक वाचली जाणाऱ्या प्रकारांपैकी एक असूनही समीक्षेने तिच्याकडे बहुधा समाजशास्त्रीय कुतूहलाने किंवा नैतिक काळजीने पाहिले आहे. संहिता म्हणून ती काय करते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. २०१२ ते २०१७ या काळातील पाच कादंबऱ्यांच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रकारात दोन अपेक्षा एकत्र येतात आणि त्या परस्परांशी सहज जुळत नाहीत. प्रेमकथा वाचकाला मीलनाचे आश्वासन देते. वाटेत अडसर येतात, ते दूर होतात आणि कथा स्थिरावते. कुमारवयाची कथा मात्र स्थिरावू शकत नाही. तिचा नायक किंवा नायिका सोळा-सतरा वर्षांची आहे, तिचे शिक्षण, घर सोडणे, स्वतःला ओळखणे हे सारे अजून व्हायचे आहे. सतराव्या वर्षी लाभलेले प्रेम हा आयुष्याचा निकाल आहे असे कादंबरी सुचवू लागली, की ती प्रेमकथा म्हणून यशस्वी ठरली तरी त्या वयाशी अप्रामाणिक होते. म्हणून अशा कादंबरीचे मूल्यमापन दोन ठिकाणी करावे लागते : प्रेमिकांच्या वाटेत ती कोणता अडसर उभा करते, आणि तो अडसर शेवटी कसा सोडवते.

हा ताण नवा नाही. मॉरीन डेली यांच्या ‘सेव्हन्टीन्थ समर’ (१९४२) मध्ये विस्कॉन्सिनमधील फॉन्ड द्यू लॅक या गावी अँजी मॉरो आणि जॅक ड्युलूथ यांचे प्रेम एका उन्हाळ्यापुरते फुलते, आणि उन्हाळा संपताच अँजी महाविद्यालयासाठी निघून जाते. येथे अडसर म्हणावा असा खलपुरुष नाही. काळ हाच अडसर आहे. ज्यूडी ब्लूम यांच्या ‘फॉरेव्हर’ (१९७५) मधील कॅथरीन आणि मायकेल यांचे नाते शारीरिक जवळिकीपर्यंत जाते, आणि तरीही कॅथरीनचे मन पुढे बदलते. शीर्षकातील ‘कायमचे’ हा शब्द कादंबरी स्वतःच खोटा पाडते. या कादंबरीविरुद्ध अमेरिकेतील ग्रंथालयांत वारंवार तक्रारी झाल्या त्या तिच्यातील शरीरचित्रणामुळे. परंतु तिचे खरे धाडस शेवटात आहे : पहिले प्रेम संपते आणि त्याबद्दल कोणालाही शिक्षा होत नाही. पुढील काळातील कादंबऱ्या या पूर्वसुरींच्या तुलनेत वाचल्या, तर त्यांचे कमी-अधिक स्पष्ट दिसते.

जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१२) मृत्यूला अडसर म्हणून उभा करते. इंडियानापोलिस येथील हेझल लँकेस्टर थायरॉइडच्या कर्करोगाने आजारी आहे. ऑगस्टस वॉटर्सने हाडाच्या कर्करोगात एक पाय गमावलेला आहे. आवडत्या कादंबरीचा शेवट पुढे काय झाला, हे लेखकाकडून जाणून घेण्यासाठी दोघे अॅम्स्टरडॅमला जातात आणि तेथे त्यांना एक कडवट, मद्यासक्त लेखक भेटतो, जो उत्तर देत नाही. शेवटाची अपेक्षा करणारा वाचक आणि ती नाकारणारा लेखक यांची ही भेट हा कादंबरीचा सर्वांत विचारगर्भ भाग होय. तिची मर्यादा भाषेत आहे. हेझल आणि ऑगस्टस दोघेही एकाच चतुर, सुभाषितवजा शैलीत बोलतात. दोन व्यक्तींच्या संवादाऐवजी एकच बुद्धिमान स्वर दोन मुखांतून ऐकू येतो. शिवाय मृत्यू हा अडसर दोघांच्या वयाचा प्रश्नच मिटवून टाकतो. जो तरुण मोठा होणारच नाही, त्याचे प्रेम टिकले असते काय, हे विचारण्याची वेळ येत नाही. या संहितेचे भारतीय रूपांतर असलेल्या ‘दिल बेचारा’ (२०२०) या हिंदी चित्रपटाने कथा जमशेदपूरला आणली आणि अॅम्स्टरडॅमच्या जागी पॅरिस ठेवले. अडसर वैद्यकीय असल्यामुळेच हे स्थलांतर इतके सुलभ झाले. जात, वर्ग किंवा कुटुंब हा अडसर असता तर कथा मुळापासून नव्याने रचावी लागली असती.

रेनबो रॉवेल यांची ‘एलिनॉर अँड पार्क’ (२०१३) या दृष्टीने अधिक कठीण वाट निवडते. १९८६ सालच्या ओमाहा शहरात शाळेच्या बसमधील एका आसनावर दोघे नाइलाजाने शेजारी बसू लागतात. कॉमिक्सची पुस्तके आणि गाण्यांच्या कॅसेटी यांच्या देवाणघेवाणीतून बोलणे सुरू होते. एलिनॉरच्या घरी पाच भावंडे एका खोलीत झोपतात, न्हाणीघराला दार नाही आणि सावत्र बापाची दहशत आहे. न्हाणीघराला दार नसणे हा तपशील दारिद्र्य आणि भय या दोहोंचा अर्थ एकाच वेळी सांगून जातो, आणि निवेदन त्यावर भाष्य करत नाही. प्रेम येथे अडसर दूर करू शकत नाही; ते फक्त पळून जाण्यासाठी लागणारी गाडी पुरवते. पार्क तिला मिनेसोटातील मामाच्या घरी पोहोचवतो आणि त्यानंतर दीर्घकाळ तिचे पत्र येत नाही. अखेरीस येणाऱ्या पोस्टकार्डावर तीन शब्द आहेत असे कळते. ते कोणते, हे सांगितले जात नाही. प्रेमकथेची अपेक्षा आणि वयाची अनिश्चितता या दोहोंना एका पोस्टकार्डावर जागा देणारा हा शेवट या पाचही कादंबऱ्यांत श्रेष्ठ म्हणावा लागतो. मात्र पार्कच्या कोरियन आईचे चित्रण अनेक ठिकाणी साचेबंद उतरले आहे, आणि स्वतःच्या रूपाविषयी पार्कला वाटणाऱ्या संकोचाचा शोध अर्धवट राहतो, हा समीक्षकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे.

जेनी हान यांच्या ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर’ (२०१४) मध्ये बाह्य अडसर जवळजवळ नाही. लारा जीन ही मुलगी ज्या ज्या मुलावर मन जडले, त्याला निरोपाचे पत्र लिहून आईने दिलेल्या टोपीच्या पेटीत ठेवते. पत्र हे तिच्यासाठी प्रेम संपवण्याचे साधन आहे. ती पत्रे अचानक टपालात पडतात आणि सावरासावर करताना पीटर कॅव्हिन्स्कीशी प्रेमाचे सोंग करण्याचा करार होतो. ही युक्ती हलकीफुलकी वाटते, पण तिच्यात मर्मदृष्टी आहे. या वयात भावना आधी येते आणि रीत नंतर, असा समज असतो. येथे रीत आधी येते आणि भावना तिच्यामागून चालत येते. कादंबरीचे खरे केंद्र मात्र तीन बहिणी आणि त्यांची दिवंगत कोरियन-अमेरिकन आई यांच्यात आहे. प्रियकर सोबत घेऊन महाविद्यालयात जाऊ नये, हा आईचा सल्ला थोरली मार्गो पाळते आणि प्रेम तोडते. तोच सल्ला तिसऱ्या भागात (२०१७) लारा जीनपुढे उभा राहतो, आणि ती तो न पाळता दूर राहूनही नाते टिकवण्याचे ठरवते. मृत आईशी असहमत होण्याचे हे धैर्य मोठे होण्याची खूण म्हणून वाचता येते. पण कादंबरी त्याची किंमत फारशी वसूल करत नाही. लोकप्रिय मालिकेला आपले जोडपे तोडणे परवडत नाही, असा संशय त्यामुळे वाचकाच्या मनात राहतो.

निकोला यून यांच्या ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ (२०१६) मध्ये अडसर म्हणून शासनसंस्था येते. जमैकाहून आलेले नताशाचे कुटुंब कागदपत्रांविना न्यूयॉर्कमध्ये राहते आणि त्याच रात्री त्यांची देशातून रवानगी व्हायची आहे. डॅनियल बे या कोरियन-अमेरिकन मुलाची त्या दिवशी येल विद्यापीठासाठी मुलाखत आहे. एकाच दिवसाच्या या कथेत सुरक्षारक्षक बाई, वकील, वडील अशा गौण पात्रांना छोटी स्वतंत्र प्रकरणे मिळतात. कृष्णवर्णीयांच्या केशप्रसाधनांचा व्यापार कोरियन दुकानदारांकडे कसा गेला, याचाही इतिहास येतो. या बहुस्वरी रचनेमुळे प्रेम ही दोघांपुरती घटना उरत नाही. सर्वांत उपरोधपूर्ण बाब अशी, की नताशाचा खटला लढवणारा वकील स्वतःच्या प्रेमात गुंतल्यामुळे निर्णायक क्षणी तिला वाचवू शकत नाही; एकाचे प्रेम दुसऱ्याच्या प्रेमाचा अडसर होते. इतक्या कठोर रचनेनंतर कादंबरी दहा वर्षांनी दोघांना एकाच विमानात आणते. योगायोग आणि नियती हा तिचा विषयच असल्याने या शेवटाचे समर्थन करता येईल. तरीही राज्यव्यवस्थेने निर्माण केलेली जखम योगायोगाने भरून काढणे हा सोपा मार्ग ठरतो.

संध्या मेनन यांची ‘व्हेन डिंपल मेट रिषी’ (२०१७) भारतीय अभ्यासकाला अधिक जवळची आणि म्हणून अधिक अडचणीची. डिंपल शहा आणि रिषी पटेल यांची गाठ आईवडिलांनी घालून दिली आहे. रिषीला ते ठाऊक आहे, डिंपलला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील संगणक-शिबिरात तो तिला भावी पत्नी म्हणून हाक मारतो आणि ती त्याच्यावर थंड कॉफी फेकते. ठरवून केलेल्या लग्नाचा विनोदी प्रेमकथेशी असा सांधा जुळवणे ही चतुर कल्पना आहे, आणि सावळ्या, चष्मा लावणाऱ्या, संगणकाच्या मागे लागलेल्या मुलीला अमेरिकन दालनात नायिका म्हणून स्थान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु येथे परंपरा हा अडसर आरंभी दिसतो आणि पुढे आशीर्वाद ठरतो. आईवडिलांची निवड आणि मुलीची निवड अखेर एकच निघाल्यामुळे निवडीच्या हक्काचा प्रश्न सुटत नाही, तो उद्भवतच नाही. निवड वेगळी असती तर काय, हे विचारण्याचे कादंबरी टाळते. ज्या समाजात जातीबाहेरचे प्रेम जिवावर बेतू शकते, त्या समाजातील वाचकाला हा सौम्यपणा स्थलांतरित समाजाच्या स्मरणरंजनाचा भाग वाटल्यास नवल नाही.

या पार्श्वभूमीवर मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचे स्मरण अपरिहार्य ठरते. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातील शिरोडकर यांच्यातील अव्यक्त ओढ हा तिचा गाभा. विषय आणि वय पाहता ती अमेरिकेत याच दालनात ठेवली गेली असती. मराठीत ती प्रौढांची कादंबरी म्हणून प्रकाशित झाली, आणि वाचकांनी ती बहुधा आपल्या गेलेल्या वयाची आठवण म्हणून वाचली. मराठी कुमारसाहित्याने साहस स्वीकारले, प्रेम मात्र प्रौढांच्या कपाटात ठेवले. ‘शाळा’तील अडसर कोणा एका व्यक्तीत नाही, मुलामुलींनी परस्परांशी बोलण्याची रीतच तेथे नाही, आणि शिरोडकरचे निघून जाणे ही त्या मौनाचीच पूर्तता ठरते. या शेवटात डेली आणि रॉवेल यांच्याशी नाते जोडणारा संयम आहे. मात्र निवेदन मुकुंदचे असल्यामुळे शिरोडकरला काय वाटले, हे वाचकाला तिच्या तोंडून कधीच कळत नाही. उलट वर विचारात घेतलेल्या पाचही कादंबऱ्यांत मुलीचा दृष्टिकोन एकटा किंवा जोडीने उपस्थित आहे. कलात्मक उंचीच्या कसोटीवर त्यांतील काही ‘शाळा’च्या जवळ पोहोचत नाहीत, पण ही एक गोष्ट त्या सातत्याने करतात : ज्या मुलीकडे पाहिले जाते, तिला पाहण्याचा आणि सांगण्याचा अधिकार देतात.

तौलनिक दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित असला तरी महत्त्वाचा आहे. वाङ्मयीन दालन ही केवळ विक्रीची सोय नसते. कोणाला निवेदक होता येईल, हेही ते काही अंशी ठरवते. सोळा वर्षांच्या मुलीला उद्देशून लिहिण्याची जागा निर्माण झाली, तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीचा स्वरही तेथे आला. त्याच दालनाने सुखान्ताची सवयही लावली, आणि तिच्या ओढीने काही कादंबऱ्यांनी आपणच उभे केलेले अडसर घाईने हलवले, ही त्याची दुसरी बाजू होय. मराठीत असे दालन उद्या निर्माण झाले, तर त्यापुढील प्रश्न प्रेम दाखवावे की नाही हा नसेल. शिरोडकरला बोलू देतानाच तिच्या निघून जाण्यातील सत्य राखता येईल काय, हा असेल.